गुडघाभर पाण्यात

त्या सकाळी बाकल्याच्या उसळीत लिंबू जास्त झालं म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. शौकत यांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या मुलीने, रबाबने तेवढ्यात सांगून टाकलं, की अलेक्झांड्रियातली शिकवण्याची नोकरी तिने घेतली आहे.

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "तिकडे दमट असतं," शेवटी म्हणाले. "पुस्तकं वरच्या फळीवर ठेव."

मग हातोडी घेऊन ते प्रवाळाच्या खडकावर गेले. दुपारी तांबड्या समुद्रावरच्या कुसैर गावाच्या दक्षिणेला, गुडघाभर पाण्यात, त्यांचं प्रेत सापडलं.

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. जन्मभर समुद्रात पोहलेला माणूस एवढ्याशा पाण्यात बुडत नाही. कुणीतरी दाबून धरलं. जिवंत प्रवाळावर नांगर टाकला म्हणून डॉक्टरांनी त्याच सकाळी नावाडी कर्राराला फैलावर घेतलं होतं. कर्रार कोठडीत गेला.

रबाब लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून हिंडलेली. तिने सुएझहून खासगी तपास करणाऱ्या सिदहोमला बोलावलं. त्याच्यासोबत त्याचा धिप्पाड मित्र गलालही आला.

"कर्राराने केलं असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "पण खात्रीने सांगा."

शवचिकित्सेत फुप्फुसात पाणी होतं. अंगावर ओरखडा नाही, नखांत कुणाची कातडी नाही. छातीवर डावीकडे एक लाल ठिपका होता. काटा लागला असेल, असं शवचिकित्सा करणाऱ्याने ठरवलं होतं.

शर्टाच्या खिशातल्या वस्तू पोलिसांनी एका पिशवीत दिल्या होत्या. पिशवी उघडताच गलालने नाक दाबलं. "तुमचे वडील मासे खिशात ठेवायचे काय, बाई?"

"ते शंख आहेत. लाखो वर्षांपूर्वी मेलेले," रबाब म्हणाली. वर उचलल्या गेलेल्या जुन्या प्रवाळाच्या कड्यातून लाटा ते सोडवतात आणि खालच्या डबक्यांत टाकतात. त्यांवरून डॉक्टर जुन्या समुद्राची उंची ठरवत. सिदहोमने डॉक्टरांच्या चष्म्याचं विचारलं. तो नेहमीसारखा गाडीतच होता. खारं पाणी काच खातं, म्हणून खडकावर ते बोटांनीच दगड ओळखत.

पलीकडे हॉटेलचा धक्का बांधणारा लुत्फी वैतागलेला होता. खालचा जुना खडक पोकळ आहे, असं सांगून डॉक्टरांनी त्याचं काम अडवलं होतं. "तरी त्या दिवशी मी सलाम केला, उस्ताद. सरळ माझ्याकडे तोंड करून बसलेले. मान हलवायचीही तसदी नाही. एवढा ताठा?"

कर्राराने गजांआडून तेच सांगितलं. त्याने होडीतून चहासाठी हाक मारली होती. डॉक्टरांच्या हातून हातोडी सुटली, ती त्यांनी उचललीच नाही. "मला वाटलं, राग गेला नाही अजून. मी निघून गेलो."

"सगळ्या गावावरच रुसला होता म्हणायचा," गलाल बाहेर आल्यावर म्हणाला.



दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं. कर्राराला घेऊन पोलीस अधिकारी आला. सिदहोमने पिशवीतले शंख रुमालावर ओतले. सगळे पांढरे, खडूसारखे. एकच वेगळा, मातकट सालीचा.

"लाखो वर्षांपूर्वी मेलेल्याला वास येत नाही," तो म्हणाला. "हा परवा मेला."

गलाल वाकला. "मग त्यांना कळलं कसं नाही?"

"आकार तोच. या सालीखाली नक्षी झाकलेली, डोळ्यांवर चष्मा नाही. बोटांनी ओळखला आणि खिशात टाकला. आतली गोगलगाय जिवंत असली की सुईसारखा काटा मारते. कधीकधी टोचलेलं कळतही नाही. छातीवरचा तो ठिपका बरोबर खिशाखाली आहे."

"विष?" अधिकाऱ्याने विचारलं.

"आधी बोटं बधिर होतात. हातोडी सुटली ती त्यामुळे. मग मान, मग जीभ. ते रुसले नव्हते. दोन माणसं त्यांच्याशी बोलली आणि त्यांना उत्तर देता येत नव्हतं. भरती चढली, ते कलंडले. दाबून धरायला कुणी लागलंच नाही."

लुत्फी वाळूत बसला. अधिकाऱ्याने कर्राराच्या बेड्या काढल्या, तरी त्याचे हात तसेच जोडलेले राहिले.

"मी जवळ गेलो असतो तर?" त्याने विचारलं.

"या विषावर औषध नाही," सिदहोम म्हणाला. "दवाखान्यापर्यंत कुणी श्वास देत राहिलं असतं, तर कदाचित. पण काय झालंय हे कळायला हवं होतं. कुणालाच कळण्यासारखं नव्हतं."

कर्राराने रबाबकडे पाहिलं. तिने त्याचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, मग सोडला. ज्याच्यावर रागवावं असं तिथे कुणीच नव्हतं.

गलाल तिला गाडीकडे न्यायला पुढे झाला. सिदहोमने त्याला थांबवलं.

ती पाण्यात शिरली, घोट्यांपर्यंत, आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मला जायचं नव्हतं. तुम्ही अडवाल या आशेने सांगितलं होतं."