आल्या की सांगते

लाइट गेलीय तर जाऊ दे, ताई. मेणबत्ती पुरे. आणि माझी बॅग उघडू नकोस, मी राहायला आलेली नाही. सकाळी परत जाणार आहे आणि तू मला अडवणार नाहीस. आधी नीट ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

आमच्याकडचा तो डबा तू पाहिलायस. अभ्यासाच्या खोलीत, फळीवर, वायफायच्या शेजारी. काळा, बुटांच्या खोक्याएवढा. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज त्यात साठवलेले. आत दोन डिस्क, समोर हिरवे दिवे आणि दिवसभर बारीक घूं घूं. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोने हौसेने आणलेला. ती गेली आणि मग मी आले. पडदे बदलले, भांडी बदलली, गादीसुद्धा बदलली. डब्याला मात्र हात लावायची सोय नव्हती.

रोज संध्याकाळी कामावरून आला की हा चहाचा कप घेऊन त्या खोलीत जायचा. दार लोटून घ्यायचा, कडी लावायचा नाही, तेवढीच माझी पत्रास. आतून तिचं हसणं ऐकू यायचं. आणि शेवटी नेहमी ते एकच. दवाखान्यात निघताना ती दारात उभी आहे आणि हा फोनवर टिपतोय. घशाचं दुखणं तिचं, आवाज पार बसलेला. 'येते हं,' एवढंच म्हणते. ती काही आली नाही. हा मात्र ते रोज ऐकायचा, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रोज ऐकायचे.

जळायचे मी. तुझ्यापासून काय लपवायचं? जिवंत सवत असती तर दोन शब्द सुनावले तरी असते. हिला काय बोलणार? हिचं वय वाढत नाही, ही चिडत नाही, हिच्या हातून भाजीत मीठ जास्त पडत नाही. जो येतो तो म्हणतो, काय गुणाची बाई होती.

मग एका दुपारी डबा गेला. मी कपडे वाळत घालत होते. एकदम घर गप्प झालं, एवढं की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. खोलीत गेले तर दिवे विझलेले आणि तापलेल्या धुळीचा करपट वास. खरं सांगू? मला बरं वाटलं.

नवऱ्याने बटणं दाबून पाहिली, वायर बदलून पाहिली. मग येऊन माझ्याशेजारी शेंगा सोलायला बसला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. काहीतरी ऑफिसातलं सांगत होता, मध्ये एकदा हसलासुद्धा. मी मान वर केली नाही, उगाच दृष्ट लागायची. उठताना म्हणाला, "वॉरंटी आहे अजून. फोन करशील का तू? मला... नाही जमायचं."

केला मी फोन. पलीकडचा माणूस मोठा अदबीचा. म्हणाला, "मॅडम, हा डबा ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"त्या गेल्या," मी म्हणाले.

"बरं, बरं. मग कधीपर्यंत येतील?"

बघ, आपली भाषासुद्धा कशी असते. बाजारात गेलेली बाईही गेली आणि ही पण गेली. मी त्याला सरळ सांगायला हवं होतं. पण मला हसू आलं आणि वाटलं, बरंच झालं की. भिजत पडू दे घोंगडं. डबा दुरुस्त व्हायला नको आणि माझं कुणी नावही घ्यायला नको. म्हणाले, "आल्या की सांगते." फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं, चौकशी चालू आहे.

दुसऱ्या दुपारी बेल वाजली. दारात सर्व्हिस सेंटरचा माणूस.

"डबा न्यायला आलोय. मॅडमचा फोन आला होता सकाळी."

"कुठल्या मॅडमचा?"

"तुमच्याच घरच्या. आवाज जरा बसला होता त्यांचा. बाहेरून आल्या आल्या लगेच फोन केला, म्हणाल्या."

माझ्या मनात काय आलं असेल? भूत नाही गं. मला वाटलं, ह्याने ऑफिसातल्या कुणा बाईकडून फोन करवला. म्हणजे आता जिवंतही एक आहे. रागाने माझे कान तापले.

तो म्हणाला, "डिस्क काढून ठेवल्यात ना? हमी डब्याची असते, आतल्या फोटोंची नाही. आमच्याकडे डिस्क राहिल्या तर सरसकट पुसतात."

"काढल्या," मी म्हणाले.

काढल्या नव्हत्या. त्याने डबा काखेत मारला आणि जिना उतरून गेला, तिच्यासकट. मी दार लावलं, मस्तपैकी चहा केला आणि त्याच खोलीत बसून प्यायले.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, कुणाला सांगितलं होतंस फोन करायला? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की खोटं बोलत नाही हे कळलं. मग त्याने विचारलं, "डिस्क?" म्हटलं, त्यांनी मागून घेतल्या, तपासायला. तो पांढरा पडला. आत जाऊन रिकाम्या फळीसमोर बसला. धुळीत डब्याएवढा चौकोन स्वच्छ राहिला होता, त्याच्याकडे बघत. मला वाटलं, बसू दे. दोन दिवस बसेल, मग येईल माझ्याकडेच. दुसरीकडे जाणार कुठे?

नंतर ते सुरू झालं. मी घरात एकटी, दुपारची, आणि आतून बारीक घूं घूं. आधी वाटलं फ्रिज असेल. फ्रिज बंद केला. मिक्सर, पंखा, सगळ्यांची बटणं बंद केली. तरी येतच होतं. खोलीच्या दाराशी गेले की थांबायचं. परत ओट्याशी आले की सुरू. आणि तो वास, तापलेल्या धुळीचा... पण त्यात आता दवाखान्याचाही वास होता, फिनेलचा आणि औषधाचा. आमच्या घरात मी फिनेल आणत नाही, तुला माहीत आहे.

आज चार वाजता तोच माणूस नवा डबा घेऊन आला. नवरा आज घरीच होता. डब्यावर एक छोटं पाकीट चिकटवलेलं. मी विचारलं, "हे काय?"

"डिस्क तुमच्या. अहो, आतच राहिल्या होत्या. पुसायला घेणार तेवढ्यात मॅडमचा फोन. म्हणाल्या, डिस्क काढून परत पाठवा. धाकटीच्या लक्षात राहिलं नसेल, तिला काही बोलू नका."

धाकटी. ताई, मला धाकटी म्हणते ती. वर माझी बाजू घेते. इतका चांगुलपणा की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

"आणखी काही म्हणाल्या?"

तो जरा आठवून म्हणाला, "नाही. फोन ठेवताना फक्त 'येते' म्हणाल्या."

नवऱ्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं. कधी बसवल्या, कधी वायर जोडली, मला कळलं नाही. मी ओट्याशी होते. घूं घूं सुरू झाली, खरीखुरी. मी वाट बघत होते तिच्या हसण्याची. ते आलंच नाही. आणि मग ह्याचा आवाज. इतका मऊ, माझ्याशी आजवर कधी बोलला नाही असा.

"आलीस?"

मी तर घरातच होते. कुठे गेलेच नव्हते.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं नाही. तो वळून दोघींपैकी आधी कुणाकडे बघेल, ते मला पाहायचं नव्हतं. बॅगेत दोन साड्या कोंबल्या. चपला घातल्या. उंबऱ्यात उभी राहिले. तो 'थांब' म्हणेल म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "जाते मी."

तो काही बोलला नाही. पण आतून दुसरं कुणीतरी बोललं. बसलेला आवाज, हळू, लहान मुलीला समजवावं तसा.

"जाते म्हणू नये, धाकटे... येते म्हणावं."

म्हणून तर सांगते, अडवू नकोस. माझं घर आहे ते, माझा नवरा आहे. तिच्या एकटीच्या हवाली करू? आणि शिवाय, जिभेची सवय बघ कशी असते. घाबरून मी पाऊल बाहेर टाकलं आणि तोंडातून निघून गेलं, "येते."

आतून दोघंही एकदम म्हणाली, "ये."