एकाच संगणकात तिघांचा संसार

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर होता होता राहिली. तो संगणकाचा डबा छातीशी कवटाळून वर चढत होता आणि ती कॉफीचा कप सांभाळत होती.

"एक विचारू?" तो धापा टाकत म्हणाला. "वरच्या दुरुस्तीच्या दुकानातली बाई फार खडूस आहे म्हणे... खरं का?"

"अगदी खरं," ती गंभीरपणे म्हणाली. "काय बिघडलंय?"

"माझंच डोकं!"

वर पोचल्यावर ती सरळ काउंटरमागच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याचा चेहरा असा काही पडला, की तिला हसू आवरेना.

"बोला. खडूस बाई ऐकतेय."

तो डोंगरवाटांचे नकाशे काढायचा, ते नव्या विंडोजवर. त्याची आई गालिच्यांची नक्षी काढायची. तिचा प्रोग्रॅम फार जुना, फक्त जुन्या विंडोजवर चालणारा. दोन्ही विंडोज एकाच संगणकात गुण्यागोविंदाने नांदत होत्या. काल त्याला लिनक्स ही तिसरी प्रणाली टाकून शिकायची हुक्की आली.

"आणि आता चालू केला की एकटं लिनक्सच उभं राहतं. बाकीच्या दोघी गायब! आईची दोनशे डिझाइन्स आहेत हो त्यात. परवा विणकर येणार... मी कालपासून तिची नजर चुकवतोय."

"लिनक्स टाकताना त्यानं काही विचारलं होतं?"

"विचारलं होतं... मी घाईत 'हो' म्हटलं."

चेहऱ्यावर काही दिसू न देता तिनं डबा उघडला. आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढायला लावली आणि मग शोध सुरू केला. पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. दुपार कलली. तो स्टुलावर बसून नखं कुरतडत होता. तिनं अर्धी कॉफी त्याच्यापुढे सरकवली.

"गेलं असेल का सगळं?"

"थांबा... नव्यानं लिनक्ससाठी जागा केली, तेव्हा डिस्कवरच्या जुन्या खोल्यांची नोंद पुसली गेली. पण खोल्या... खोल्या बहुतेक शाबूत आहेत!"

आणि पडद्यावर नावं उमटू लागली. निळी वेल. मोराचा कंठ. पाकळ्यांची चौकट. एकामागून एक, धबाधबा!

"आहेत! आईची आहेत ही!" त्यानं तिचा हात घट्ट धरला. आपण काय केलं, ते कळल्यावर चटका बसल्यासारखा सोडला. "सॉरी..."

"काम अजून संपलं नाही," ती म्हणाली, पण तिचे कान तापले होते.

तासाभरात संगणक सुरू होताना तीन ओळींची यादी येऊ लागली: जुनी विंडोज, नवी विंडोज, लिनक्स. ज्याला जे हवं, ते त्यानं निवडावं.

मंगळवारी तो पुन्हा हजर. यादीच येत नाही म्हणे. गुरुवारी नवी विंडोज आपोआप पुढे घुसत होती. शनिवारी लिनक्स रुसलं होतं. तिला दुरुस्तीला दोन मिनिटं लागायची, त्याला निघायला तास लागायचा. आणि जिन्यावर पावलं वाजली, की ती उगाचच केस सारखे करायची...

सोमवारी दुकानातला फोन वाजला.

"अगं मुली, मी नकाशेवाल्याची आई. आमच्या संगणकाला झालंय तरी काय? सकाळी मी बघते तर झकास चालतो. मग हा बसतो, काहीतरी खुडबुड करतो आणि उचलून तुझ्याकडे पळतो! त्याला एकदाचं काय ते बोलायला लाव, आणि माझा संगणक मला मिळू दे."

ती हसत फोन ठेवते न ठेवते, तोच तो दारात. बगलेत डबा.

"आज काय रुसलं?"

"आज ना... क्रमच उलटा..."

"आईंचा फोन आला होता."

तो गाजरासारखा लाल झाला. "क्रम मीच बदलायचो. दहा मिनिटं लागायची. जिना चढायचा धीर गोळा करायला मात्र अर्धा तास."

"मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. त्या यादीला पासवर्ड टाकला असता, तर तुम्हाला हातही लावता आला नसता."

"मग टाकला का नाही?"

ती स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेत राहिली. "मग तुम्ही... आला नसतात ना."

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू असं पसरलं, की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

"जा, आधी आईंना संगणक देऊन या. खोळंबल्यात त्या."

तो दारापर्यंत गेला आणि गर्रकन वळला. "तेवढा दम निघणार नाही माझ्याच्यानं. आत्ताच सांगतो... मला तुम्ही आवडता. फार!"

"ऐकलं," ती कशीबशी म्हणाली. "आता पळ... आणि लवकर ये."

'या'चं 'ये' कधी झालं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आणि तो एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या उतरत सुटला.