वापरातली गाडी

मुलांनो, अशी एक सकाळ डोळ्यांपुढे आणा: चहूकडे सपाट जमीन, काजळासारखी काळी माती, मक्याची नुकतीच झालेली कापणी, आणि कोठारात सुक्या गवताचा उबदार वास. तिथे टॅबिथा नावाची तुमच्याएवढीच मुलगी गाईला चारा घालते आहे. मुलूख इलिनॉयचा. तिचे वडील एझ्रा दूर व्हर्जिनियात लढाईवर गेलेले. पेरणीपासून त्यांचं पत्र नव्हतं.

लढाईच्या खर्चासाठी सरकारने घोडागाड्यांवरही कर बसवला होता. वापरातल्या गाडीला कर. नुसत्या पडून असलेल्या गाडीला माफी. म्हणून टॅबिथाच्या आईने, लोवीनाने, शेजारपाजारच्यांसारखीच युक्ती केली होती. चाकं काढून कोठाराच्या भिंतीला टांगली आणि गाडी ओंडक्यांवर टेकवली. ती गाडी एझ्रांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. उजवीकडे ते बसायचे, हातात लगाम धरून, डावीकडे टॅबिथा.

त्या सकाळी टांगलेल्या चाकांखाली जमीन ओली दिसली. टॅबिथाने वर पाहिलं. चाकांना चिखल लागला होता. तांबडा.

"आई, बाबांची गाडी कुठे जाऊन आली?"

"चाकांशिवाय? उडत गेली असेल," आई म्हणाली आणि सुरीने चिखल खरवडू लागली. पण खरवडलेला चिखल तिने फेकला नाही.

दुसऱ्या दिवशी चिखल पुन्हा होता. आणखी ओला. त्यात पाइनची सुईसारखी पानं चिकटली होती. त्या मुलखात पाइनचं झाड औषधालाही नव्हतं.

दुपारी कर ठरवायला ऑरिन टटल आले. शेजारचेच, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत बेसूर गाणारे.

"काय लोवीनाबाई, गाडीचेही पाय काढलेत?"

"तुमच्या बायकोनेच शिकवलं."

"तिच्या तोंडावर कर बसवा म्हणून कधीचा सांगतोय मी सरकारला!"

हसत हसत त्यांनी चाकावरून बोट फिरवलं आणि ते हसायचे थांबले.

"ही माती इथली नव्हे," ते हळूच म्हणाले. "लढाईआधी खेचर आणायला व्हर्जिनियात गेलो होतो. बुटांना अशीच चिकटली होती." मग त्यांनी घसा खाकरला. "बाई, मी 'वापरात नाही' असं लिहितो. कर वाचेल. हिवाळ्याचं पीठ येईल तेवढ्यात."

आईने चाकांकडे पाहिलं. पिठाचं पिंप रिकामं होतं, हे टॅबिथालाही ठाऊक होतं.

"वापरात आहे," आई म्हणाली. "तसंच लिहा."

"अहो, चालवतं कोण?"

आईने पैशांची पिशवी सोडली. चाकातून पाणी ठिबकत होतं.

टटलनी टोपी काढली. सांगितलं तसं लिहिलं, पैसे घेतले आणि मागे न बघता निघून गेले.

आई त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली, तेव्हा टॅबिथा गाडीत चढली. आपल्या जागी बसली. मांडीवर गाडीतली घोंगडी ओढून घेतली.

गाय रवंथ करायची थांबली.

उजव्या बैठकीखालची लोखंडी स्प्रिंग करकरली. गादी हळूहळू खाली दबली. पावसात भिजलेल्या लोकरीचा वास आला.

टॅबिथाने मान वळवली नाही. घोंगडीचं अर्धं टोक तिने त्या बाजूला सारलं, आणि ते पलीकडून ओढलं गेलं तेव्हा बोटं सैल सोडली.