जेटमधली माती

नथ्थू ढोलवाल्याचं प्रेत तापीतून वर यायच्या आधीच त्याला कोणी मारलं हे नांदरखेड्यात ठरून गेलं होतं. गावाला अशा कामात वेळ लागत नाही. हाताशी एक गरीब माणूस असला की झालं.

"मना नवरा आळशी नही शे, भाऊ," द्रौपदाबाई म्हणाली. धुळ्याला चुडामण सुरवाड्याच्या खोलीत खुर्ची रिकामी असून ती जमिनीवर बसली होती. "बठ्ठं गाव म्हनस, भिकननी नथ्थूले मारं. नथ्थूनी बायको, भागाबाई, मना तोंडवर थुंकनी. उद्या त्याले कोर्टात उभा करतीन."

"आधी खुर्चीवर बसा, अक्का. जमिनीवर बसणाऱ्यांचं मी ऐकत नाही."

चुडामण पूर्वी विम्यासाठी अपघातातल्या गाड्या तपासायचा. साहेबांना हवे तसे अहवाल लिहीना, म्हणून बाहेर पडला आणि खाजगी तपास करू लागला. खोलीखाली आधार बाविस्करचं सायकलचं दुकान होतं. आधारकडे मोटारसायकल आहे आणि माझ्याकडे डोकं, म्हणून आपली दोस्ती टिकली, असं चुडामण चारचौघांत सांगायचा. आधारला ते पटत नसे.

हकीकत सरळ होती. श्रावणात कानबाई देवीचं विसर्जन. सगळा खानदेश ते काठावर, गुडघाभर पाण्यात करतो. पण मच्छिमार सोसायटीचा चेअरमन रुपचंद पडला पुढारी. त्याची कानबाई भरधारेत, सोसायटीच्या मोटरबोटीतून जायला पाहिजे. बोट चालवायला भिकन. मध्यावर मोटर बंद पडली, बोट वाहत जाऊन जुन्या पुलाच्या पडक्या खांबावर आदळली. बाकीच्यांना दोर टाकून काढलं. नथ्थू ढोलाच्या पट्ट्यात अडकला आणि ढोलासकट गेला.

दुसऱ्या दिवशी हवालदारासमोर मोटरीचा कार्बोरेटर उघडला. ज्या जेटच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल आत जातं, ते मातीने बुजलेलं. भिकनने साफसफाई केली नाही, माणूस मेला. काठावरूनच धरून नेलेला भिकन आतच राहिला.

"आधार, गाडी काढ."

वाटेत गाडीची टाकी गळायला लागली. आधारने खिशातून धुण्याच्या पिवळ्या साबणाचा तुकडा काढला आणि सांध्यावर घासला. गळती थांबली.

"हे तुझं इंजिनिअरिंग," चुडामण तुच्छतेने म्हणाला.

"पेट्रोलात साबण विरघळत नाही भाऊ. अख्खा खानदेश हेच करतो."

"अख्खा खानदेश करतो म्हणूनच सांगतोय."

तालुक्याच्या लॉकअपात भिकन गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"मोटर कशी बंद पडली? एकदम, की खोकून?"

"खोकली, अन् मग गेली. दोरी ओढ ओढ ओढली. टाकीच्या नळीवर रबरी फुगा असतो ना साहेब, तो दाबला की पेट्रोल पुढे जातं. तो दाबला तर चपटाच राहिला. फुगेचना."

"पेट्रोल संपलं असेल."

"मलेबी तेच वाटलं. दोर बांधल्यावर टोपण खोललं, तर फुस्स करून आवाज झाला, सोड्याच्या बाटलीसारखा. टाकी तर भरेल होती!"

"पेट्रोल कोणी भरलं?"

"मीच. ऑइल कालवून, कपड्यातून गाळून. ऑइल नसलं तर या मोटरीचा पिस्टनच जाम होतो." तो एकदम उठून गजांशी आला. "कार्बोरेटर मी शनिवारीच धुतला होता साहेब. माझ्या बापाची शपथ."

"शपथ कोर्टात घे. इथं फुकट जाते."

नांदरखेड्यात रुपचंद ओट्यावर बसला होता. धोतर इतकं पांढरं की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. गावात सुतक आणि हा इस्त्रीत.

"भिकन म्हणजे एक नंबरचा कामचोर," रुपचंद म्हणाला. "मी कितीदा सांगितलं, बाबा रे, मशीन आहे, साफ ठेव. ऐकतो कोण? या लोकांना मशीन द्यायचंच नाही."

"कोणत्या लोकांना?"

रुपचंदने विषय बदलला. "चहा घ्या."

चहा त्याची बायको पुष्पाबाईने आणला. कानबाईचा पाट मांडीवर घेऊन बोटीत तीच बसली होती. "अक्का, त्या दिवशी बोटीत काही वेगळं वाटलं?" चुडामणने विचारलं.

"काय वाटाव? बरं चालनं व्हतं. मागल्या सालले तं पेट्रोल उडी उडी यासना नवा धोतरवर डाग पडना, देवीजोडे वास सुटना. यंदा यासनी आधीच बंदोबस्त करेल व्हता. टिपूस उडना नही."

"पुष्पे, आत जा," रुपचंद म्हणाला. ती गेली.

मोटर ठेवली होती त्या सोसायटीच्या शेडचं कुलूप रुपचंदच्या खिशातल्या चावीने उघडलं. ही चावी पहिल्या दिवसापासून याच खिशात, असं तो अभिमानाने म्हणाला. कार्बोरेटर सगळ्यांसमोर उघडणारा पंडितही आला. हा रुपचंदच्या जीपचा ड्रायव्हर आणि वेळप्रसंगी मेकॅनिक.

"त्याच्या आधी उघडला होतास?"

"छे! मी जीपवाला माणूस. एरवी बोटीच्या मोटरीला हातसुद्धा लावत नाही."

चुडामणने टाकीचं टोपण काढून उजेडात धरलं. त्यावरचं बारीक भोक मोकळं होतं. भोकाच्या कडेला काही पिवळट होतं, ते त्याने नखाने खरवडलं. मग नळीवरची गाळणी उघडली. ती स्वच्छ होती. जेटमधली माती त्याने तळहातावर घेतली. शेतातल्या काळ्या मातीचे चांगले जाड खडे. शेवटी आधारच्या खिशातलं वर्तमानपत्र ओढून त्यावर दोन थेंब टाकले, एक टाकीतल्या पेट्रोलचा, एक कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्याचा.

"माझा पेपर!" आधार म्हणाला.

"वाचून तुला काय कळत होतं? आता बघ."

थोड्या वेळाने एका थेंबाचा मागमूस उरला नाही. दुसऱ्याच्या जागी तेलकट डाग राहिला.

"एक वाळला, एक नाही," आधार म्हणाला.

"टाकीतला राहिला. वाटीतला उडाला. लक्षात ठेव."

घाटावर चुडामणने हात पाण्यात घातले आणि चोळले. बोटांना फेस आला.

"साबण कुठून आणला?" आधारने विचारलं.

"नखात होता," चुडामण म्हणाला. "जा, झिपरू हवालदाराला बोलाव. भागाबाईला पण. आणि पंडितला सांग, जेट धुऊन मोटर बोटीला लाव."

संध्याकाळी घाटावर गाव जमलं. पुढाऱ्याची फजिती बघायला मिळेल असा वास आला की गावाला सुतक आडवं येत नाही.

"माती जेटमध्ये होती, हे खरं," चुडामणने सुरुवात केली. "पण ती तिथं आली कशी? कार्बोरेटरच्या आधी गाळणी आहे. ती स्वच्छ. हे जाड खडे गाळणीतून उडी मारून गेले? म्हणजे कोणीतरी कार्बोरेटर उघडून भरले. कधी? मोटर मध्यापर्यंत चालली, म्हणजे त्यानंतर. भिकनला तर काठावरूनच पकडून नेलं. कोणी भरले? टाकीतल्या पेट्रोलात ऑइल आहे, त्याचा डाग राहतो. वाटीतल्या पेट्रोलात ऑइल नाही. ज्याने वाटी धुतली आणि पुन्हा भरली, त्याने सवयीने बिनऑइलचं पेट्रोल घेतलं. या गावात असं पेट्रोल जीपमध्ये आहे. शेडची चावी जीपच्या मालकाच्या खिशात आहे."

पंडितने मान खाली घातली.

"मग मोटर बंद का पडली?" झिपरू हवालदाराने विचारलं.

"जेट बुजला असता, तर फुगा पेट्रोलने भरून दगडासारखा झाला असता. भिकनचा चपटा पडला. म्हणजे पेट्रोल टाकीतूनच सुटत नव्हतं. द्रौपदाबाई, दुकानदार तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो?"

"एकमाईन वारं मधमा जास," द्रौपदाबाई पटकन म्हणाली, "तवय दुसरामाईन तेल येस."

"हे तुम्हाला कळतं. चेअरमनला कळत नाही. टाकीच्या टोपणावरचं भोक वाऱ्यासाठी असतं. त्यातून पेट्रोल उडून धोतराला डाग पडतो, म्हणून साहेबांनी बंदोबस्त केला. भोकात साबण दाबला. मोटर थोडी चालली, टाकीतला वारा आटला, मोटर मेली. टोपण खोलल्यावर फुस्स झालं ते त्यामुळेच. साबण नंतर काढला, पण कडेचा राहिला."

आधारचा हात आपोआप स्वतःच्या खिशातल्या साबणाकडे गेला.

"पुरावा काय?" रुपचंद ओरडला. "साबणाने कुठं मोटर बंद पडते? सगळं थोतांड!"

"बरोबर. थोतांडच असेल." चुडामणने आधारच्या हातातला साबण घेतला आणि सगळ्यांसमोर टोपणाच्या भोकात दाबला. "जेट तुमच्याच पंडितने धुतलाय. धोतर स्वच्छ राहील. बसा बोटीत, भरधारेत एक चक्कर मारून येऊ. मी येतो सोबत."

पुराचं गढूळ पाणी पडक्या खांबावर आपटत होतं. रुपचंदने त्याच्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं. आणि एक पाऊल मागे सरकला.



"मी काय मुद्दाम केलं का?" शेवटी तो पुटपुटला. "मला काय माहीत, भोक कशाला असतं?"

"साबण हा अडाणीपणा. त्याला शिक्षा असती तर जिल्ह्यात चेअरमन उरला नसता. पण माती? आपली चूक नंतर कळली, तेव्हा ती तू समजून उमजून भरायला लावलीस. नथ्थूला नदीने नेलं, भिकनला तू बुडवत होतास."

"साहेबांनीच सांगितलं," पंडित एकदम म्हणाला. "रातचं. नोकरी जाईल म्हणले."

झिपरू हवालदाराने टोपी नीट केली आणि रुपचंदच्या दंडाला धरलं. आजवर त्याच्या ओट्यावर यानेच वाकून नमस्कार केले होते.

भागाबाई गर्दीतून पुढे आली. आधी द्रौपदाबाईसमोर थांबली. पदराचं टोक घेऊन तिचा गाल पुसला, जणू तिथं अजून काही ओलं होतं.

"मनी थुंकी चुकनी व्हती, अक्का," ती म्हणाली.

मग ती रुपचंदकडे वळली. त्याने तोंड फिरवलं, म्हणून थुंकी खाली पडली. इतका बंदोबस्त करून जपलेल्या त्या पांढऱ्या धोतरावर.