उसनी इस्त्री

झेरॉक्सच्या दुकानात दोनच प्रकारची माणसं येतात. एक घाईतली आणि दुसरी 'जरा आणखी काळं करा'वाली. हा तिसराच निघाला. त्यानं काउंटरवर कागद ठेवलाच नाही, पत्र्याचा डबा ठेवला.

"ताई, यावर छापून मिळेल?"

भाचीनं मान वर केली. दुकान मामांचं, पण तिच्यावाचून तिथलं पान हलत नसे.

"मशीनमध्ये कागद जातो. डबा घातला तर मामा मलाच डब्यात घालतील."

तो हसला. हसताना त्याचा डावा कान किंचित वर सरकतो, हे तिनं पहिल्याच भेटीत टिपून ठेवलं. माणसांचे असे बारीकसारीक हिशेब ठेवायची तिला खोडच होती.

डबा गाणी ऐकायच्या अँप्लिफायरचा होता. त्यानं घरी बनवलेला. पुढच्या पट्टीवर चार नॉब आणि त्याखाली मार्करनं लिहिलेली अक्षरं. पहिलं अक्षर ऐटीत उभं, शेवटचं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं.

"परगावच्या एका कारखान्यात दाखवला," तो म्हणाला. "ते म्हणाले, आतलं काम उत्तम, पण डबा घरगुती दिसतो. दोन महिन्यांनी नीट करून आणा, मग नोकरीचं बघू. अक्षरं कोरून देणारा म्हणतो, शंभर नग करा. मला हवा एक."

"आणि हा चौथा नॉब? याच्याखाली काहीच नाही लिहिलंत?"

"तो कशालाच जोडलेला नाही. डबा भंगारातला, त्याला चार भोकं आयती होती. उघडं भोक बरं दिसत नाही, म्हणून…"

"म्हणजे नुसता शोभेचा! आमच्या मामांसारखा."

आतून मामा खाकरले.

तिला आठवलं, मशीनमध्ये अडकलेला गरम कागद ओढताना काळी पूड बोटांना चिकटते आणि घासली तरी जात नाही. मग ती पत्र्यालाच का चिकटू नये? दुसऱ्या दिवशी तिनं घरून इस्त्री आणली. जुन्या मासिकाच्या गुळगुळीत पानावर अक्षरं छापली, पान पट्टीवर पालथं घातलं, वरून इस्त्री दाबली आणि मग सगळं पाण्यात बुडवलं. कागद भिजून सुटला. अक्षरं पत्र्यावर राहिली, काळी, रेखीव, कारखान्यातून आल्यासारखी.

फक्त उलटी.

दोघं क्षणभर पट्टीकडे बघत राहिले. मग असे हसले की मामा चष्मा शोधत बाहेर आले.

"छापायचंच उलटं," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे पत्र्यावर सुलटं उमटेल."

तेव्हापासून मशीनवर तिच्या अक्षरात चिठ्ठी डकवली गेली: 'खटपट्याचं काम — सगळं उलटं छापणे.' खटपट्या हे नाव मामांनी ठेवलेलं.

मग रोजच्या खटपटी सुरू झाल्या. इस्त्री कमी तापली की अर्धी अक्षरं कागदाबरोबर निघून जात. जास्त तापली की पसरत. अक्षरं पक्की बसावीत म्हणून वरून पारदर्शक चकाकीचा फवारा मारायचा, तर खटपट्यानं उत्साहाच्या भरात इतका मारला की पहिल्या नॉबखालचा 'आवाज' चक्क वाहून गेला.

"हलक्या हातानं," ती म्हणाली. "एक पातळ थर, मग वाळू द्यायचं. मग दुसरा. एकदम सगळं ओतलं की असंच होतं."

"सगळ्याच बाबतीत?"

"मी फवाऱ्याचं बोलतेय."

"मीही तेच विचारतोय…" कान वर सरकला.

भिजलेला कागद अंगठ्यानं हळूहळू चोळून काढावा लागे. पट्टी वीतभर, अंगठे दोघांचे. मधल्या 'खर्ज' या शब्दापाशी ते एकमेकांना भिडत आणि तिथला कागद निघायला उगाच वेळ लागे. तिच्या हिशेबाप्रमाणे तो महिनाभरात एकवीस वेळा आला. त्यातल्या नऊ वेळा काम होतं. 'ताई' म्हणणं त्यानं तिसऱ्या खेपेलाच बंद केलं होतं. त्याजागी दुसरं काही म्हणायला सुरुवात केली नव्हती, एवढंच.

एकदा तो इस्त्री घरी घेऊन गेला, "हात बसवतो" म्हणून. तिनं दिली. तेव्हापासून तिच्या घरातली माणसं चुरगळलेली फिरू लागली.

"चौथ्या नॉबला नाव काय द्यायचं?" तो दर वेळी विचारी.

"उद्या सांगते," ती दर वेळी म्हणे.

नाव दिलं की काम संपणार होतं.

शेवटची पट्टी करायच्या दिवशी तो इस्त्री घेऊन दुकानात आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पान पालथं घालून झालं, आणि तो पाणी आणायला मागे गेला. इस्त्रीचं ताप कमीजास्त करायचं चक्र तिच्या बोटाखाली होतं. जरासं पुढे सरकवलं असतं तर अक्षरं पसरली असती. आणखी आठवडा गेला असता, कदाचित दोन महिन्यांची मुदतही… डबा घरगुतीच राहिला असता. आणि माणूसही, इथेच, तीन गल्ल्या सोडून.

तिनं बोट उचललं. इस्त्री सरळ दाबली आणि मनात वीसपर्यंत मोजलं.

पट्टी अशी उतरली की मामासुद्धा म्हणाले, "विकतची वाटते रे!"

"चौथ्याखाली?" त्यानं विचारलं.

"राहू दे कोरं," ती म्हणाली. आणि काम संपलं. इस्त्री मात्र त्याच्याबरोबरच परत गेली.

कारखान्यानं डबा पाहिला आणि त्याला ठेवून घेतलं. शनिवारी पाचच्या गाडीनं निघायचं ठरलं. ही बातमी सांगायला तो आला तेव्हा ती म्हणाली, "अरे वा." नंतर अर्धा तास एकाच कागदाच्या प्रती काढत बसली. गिऱ्हाइकाला दोन हव्या होत्या, चाळीस निघाल्या.

शनिवारी सकाळी तो एक डबा घेऊन आला. मोठ्या डब्याचाच धाकटा भाऊ. तसेच चार नॉब, फक्त चौथ्याच्या वर गडद काचेची बोटभर पट्टी बसवलेली.

"हा तुमच्यासाठी. चौथा नॉब… फिरवून बघा. आजच." तो चाचरला. "चार वाजता इस्त्री परत द्यायला येतो."

"शोभेची वस्तू आहे ना? ठेवीन शोभेला." एवढं म्हणून तिनं डबा कपाटावर ठेवला. रागात नव्हती ती. रागावायला काही हक्क तरी लागतो.

तीन वाजले. दुकानात चिटपाखरू नव्हतं. मामा कपाटावरच्या डब्याकडे बघत म्हणाले, "इतकी मेहनत केली त्यानं. निदान लावून तरी बघ."

तिनं डबा खाली घेतला, वायर लावली आणि चौथा नॉब फिरवला. गाणं नाही, खरखर नाही. काहीच नाही. मग तिला काचेत किंचित पिवळट झाक दिसली. बाहेरच्या उन्हात ती विझल्यासारखीच होती. तिनं शटर अर्ध्यावर ओढलं.

काच उजळली. आतून दिवा, आणि उजेडावर काळी अक्षरं. उलटी.

दुसऱ्या कुणाला ती नक्षी वाटली असती. पण दोन महिने उलटीच अक्षरं वाचण्यात गेलेल्या डोळ्यांना क्षणसुद्धा लागला नाही.

*थांबू का?*

तिनं नॉब मागे फिरवला. पुन्हा पुढे. अक्षरं तीच होती.

"मामा, हे तुम्ही छापलंत?"

"काल तू जेवायला गेली होतीस तेव्हा आला होता. 'सरळ छापा' म्हणाला. आता मशीनवर चिठ्ठी तुझी, मी कुणाचं ऐकू? मी आपलं उलटंच दिलं." मामा चष्मा पुसू लागले. "काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. दोनदा वाचलं नाही."

बरोबर चारला तो आला. हातात इस्त्री, वायर नीट गुंडाळलेली. शटर अर्धं पाहून वाकून आत शिरला आणि उजळलेल्या काचेपाशीच थबकला.

"उलटं आलं," तो पुटपुटला. "काचेला मागून लावायचं, म्हणून सरळ हवं होतं. घरी गेल्यावर कळलं. काच फिरवली असती तर सुलटं झालं असतं, पण मग दिव्यावाचूनही दिसलं असतं. सगळ्यांनाच. म्हटलं, राहू दे. वाचणारी वाचेल."

मामांना अचानक चहाची तल्लफ आली. ते शटरखालून वाकून बाहेर पडले.

तिनं काचेवरून बोट फिरवलं. मशीनचा पंखा घरघरत होता.

"खरंच थांबशील?" शेवटी तिनं विचारलं. 'तुम्ही' कुठे गळलं, ते दोघांनाही कळलं.

"तू म्हणालीस तर."

डोळ्यांपुढे दोन महिने उभे राहिले. वाहून गेलेला 'आवाज', भिजलेले अंगठे, इस्त्रीच्या चक्रावरून उचललेलं बोट.

"जा," ती म्हणाली.

त्याचा कान होता तिथेच राहिला. त्यानं मान हलवली आणि इस्त्री काउंटरवर ठेवली.

तिनं ती पुन्हा त्याच्याकडे सरकवली.

"ही घेऊन जा."

"अगं, तुमच्या घरी—"

"घरचे चुरगळलेले राहतील. सवय झालीय आता." तिनं इस्त्री आणखी थोडी पुढे सरकवली. "पण उसनी आहे, लक्षात ठेव. टपालानं पाठवायची नाही, कुणाच्या हाती द्यायची नाही. स्वतः आणून द्यायची. पहिल्या सुट्टीला."

त्यानं इस्त्री उचलली. मग डावा कान हळूहळू वर सरकला.

"आणि नाही आणली तर?"

"मामांना तुझा पत्ता देईन."

तो निघाला. अर्ध्या शटरखालून वाकताना आधी इस्त्री बाहेर गेली, मग तो. पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली. तिनं मोजली नाहीत.

संध्याकाळी आई दुकानात डोकावली. "अगं, इस्त्री मिळाली का परत? उद्या मला बाहेर जायचंय."

"दिलीय," ती डब्याकडे बघत म्हणाली. "येईल."

"कधी?"

तिनं चौथा नॉब थोडा पुढे फिरवला. काच उजळली.

"सुट्टी लागली की."