सातवी सही

"कागदावर नाव घालू नगंस, केरा. बाईचं नाव म्हंजी कच्चा रंग. पयल्या धुण्याला जातंय."

रंभाकाकू भाकरी थापता थापता म्हणाली होती. आणि केरा? ती दारात उभी राहून वेणी घालत होती. "काकू, मास्तरीण आहे मी. दिवसातून दहादा सही करते," असं म्हणून हसली आणि छत्री उचलून शाळेला निघून गेली.

काकूचं भय उगाच नव्हतं. साल एकोणीसशे एकतीस. आदल्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला होता. कुठल्याशा यादीत नाव सापडलं म्हणून माणसं जेवत्या ताटावरून उठवून नेली होती. तेव्हापासून शहराला कागदाचीच धास्ती बसली होती. पण केरा म्हणजे वैरागच्या ज्ञानबाची लेक. बापानं भावकीचे टोमणे खाऊन तिला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं. आता मुलींच्या शाळेत नोकरी आणि चुलत्याच्या घरी मुक्काम. भ्यायची तिला सवयच नव्हती.

पण कागदाच्या आधी रंग आला...

साखर पेठेत विणकरांच्या गल्लीतून ती घाईनं चालली होती. दोन्ही बाजूंना बांबूंवर ओल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, लालभडक, थेंब थेंब ठिबकणाऱ्या. समोरून एक उंच तरुण आला. काखेत कागदांचा गठ्ठा, नजर त्यातल्याच एका कागदात. केरा चुकवायला मागं सरकली ती थेट लडीवर! पांढऱ्या लुगड्याचा पदर खांद्यापासून लाल झाला.

"अहो, बघून चालायला काय घ्याल?"

"काही घेत नाही. फुकटच चालतो," तो म्हणाला. मग त्याला पदर दिसला आणि चेहरा उतरला. "अरेरे... कच्चा रंग आहे हो हा. धुतल्यावर जाईल."

लडी उलटवणारी म्हातारी खो खो हसली. "कच्चा कुटला, मास्तर! लुगडं फाटंल, पर रंग जायचा न्हाय."

"मग लुगडं भरून देतो," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "कुठं आणून देऊ?"

"वा! नाव नाही, गाव नाही, आणि लुगडी वाटत फिरताय!"

"धोंडीराम. गाव माढा. आणि... आपण?"

केरा थबकली. नाव सांगितलं की लोक हसायचे. ट्रेनिंग कॉलेजात तर मुलींनी तिच्या खाटेखाली केरसुणी ठेवली होती. तिनं हनुवटी वर केली. "केरा."

तो हसला नाही. उलट आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या आधीची... किती गेली?"

आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घरात लेकरं जगत नसली, की पुढच्याला आई उकिरड्यावर लोळवते, शेजारणीच्या पदरात टाकते, पसाभर ज्वारी देऊन परत विकत घेते, आणि नाव असं ठेवते की मरणालाही उचलून न्यायची किळस यावी. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नाव ऐकल्यावर आठवत कुणालाच नाही.

"तीन," ती म्हणाली.

"आमच्याकडं दोन. म्हणून मी धोंडा."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. लडीतून एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

लुगडं चार दिवसांनी शाळेत आलं; पत्ता त्यानं गल्लीतच विचारून काढला होता. हिरव्या काठाचं, आणि घडीत एक चिठ्ठी : *रविवारी दुपारी संगप्पांच्या तेलघाण्यावरच्या माडीवर यावे. आपल्यासारख्या भांडणाऱ्या माणसांची गरज आहे.*

"आगाऊच आहे मेला," केरा पुटपुटली. आणि रविवारी तेच हिरव्या काठाचं नेसून गेली.

माडीवर तेलाचा घमघमाट आणि लुटुपुटुची म्युनिसिपालिटी भरलेली! अध्यक्षस्थानी काशम्मा, गल्लीत भाजी विकणारी, पदर खोचून अगदी ऐटीत. गिरणीतला निंगप्पा मुख्य अधिकारी झालेला, आणि बाकीचे नागरिक त्याला नळाच्या पाण्यावरून फैलावर घेत होते. धोंडीराम कोपऱ्यात उभा राहून एकेकाला शिकवत होता : अर्ज कसा लिहायचा, पोच कशी मागायची, मत कुणाला आणि का द्यायचं, साथ आली तर गल्लीनं काय करायचं. त्याला ह्या रविवारच्या खेळातून एक पक्की संस्था उभी करायची होती. नावही ठरलं होतं, नागरिक शिक्षण मंदिर.

केरा उठून उभी राहिली. "माझा प्रश्न आहे. मुलींच्या शाळेत नळ का नाही?"

"आधी नाव सांगा की," काशम्मानं दरडावलं. "बिननावाचा प्रश्न आमी लिहून घेत न्हाय. नेम हाय तसा."

"केरा ज्ञानबा!"

आवाज जरा मोठाच निघाला. धोंडीरामनं वहीत नाव लिहिलं, आणि मान वर केली, ती नजर पुन्हा वहीवर उतरली नाही...

त्या दिवसापासून रविवार तिचा राहिला नाही. बायकांचा वर्ग तिनं घेतला. वर्ग सुटला की माडीच्या जिन्यात दोघांची म्युनिसिपालिटी भरायची.

"बाई, आज आपण माझ्याकडं तीनदा बघितलंत. नोंद घेतली आहे."

"खोटी नोंद. दोनदाच."

"मग तिसऱ्यांदा कोण होतं?"

"तुमच्या मागं पाल होती भिंतीवर."

संस्था सरकारदरबारी नोंदवायची, तर सात जणांच्या सह्या हव्या होत्या. सहा झाल्या. सातवा एक दुकानदार. आदल्या दिवशी त्याच्या बायकोनं रडून आकांत केला आणि तो आलाच नाही. सातवी ओळ कोरीच राहिली. खाली घाण्याचा बैल तेवढा फिरत होता.

"द्या इकडं," केरा म्हणाली.

"विचार करा," धोंडीराम कागद मागं ओढत म्हणाला. "शाळेतल्या मोठ्या बाईंना आवडणार नाही. उद्या पुन्हा धरपकड झाली तर..."

"बघून चालायला तुम्ही कधीपासून शिकलात?"

तिनं टाक बुडवला आणि ठसठशीत लिहिलं : केराबाई ज्ञानबा. शाळेनं दुसऱ्याच आठवड्यात लेखी समज दिली. तिनं ती वाचली, घडी घातली, आणि वर्गात त्याच कागदाच्या पाठीवर मुलींना अर्जाचा मसुदा लिहून दाखवला.

पुढं एका दुपारी जिन्यात धोंडीराम घसा खाकरून म्हणाला, "एक ठराव मांडायचा आहे. माढ्याच्या धोंडीरामनं वैरागच्या केराशी... म्हणजे... जन्मभर..."

"ठराव पूर्ण वाचावा."

"...लग्न करावं. अनुमोदन आहे का?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आहे. पण उपसूचनेसह. मी नाव बदलणार नाही."

तो हसला. "एवढंच?"

एवढंच नव्हतं. त्याची आई तानाबाई हिचा माढ्याहून निरोप आला : "केर उंबऱ्याभायेर टाकत्यात, आत घेत न्हाईत. तांदळात नाव रुक्मिणी लिवायचं. न्हाय तर मी दारात उभी ऱ्हाणार न्हाय." आणि त्याच आठवड्यात सरकारी पत्र आलं. सह्या करणाऱ्या सातही जणांनी त्याच नावानं जातीनं हजर राहून ओळख पटवावी. तारीख लग्नानंतर आठव्या दिवसाची.

"रुक्मिणी झाले, तर तिथं केराबाई म्हणून कोण उभी राहणार?" केरा म्हणाली. "साहेब बोट ठेवायला टपलेलेच आहेत. सातात एक कमी, की संस्था गेली."

धोंडीरामनं पत्राची घडी उलगडून पुन्हा घातली. "घरात रुक्मिणी, कागदावर केरा... असं नाही का चालणार? आईचं मन मोडवत नाही गं. एक नाव तर आहे."

केरानं त्याच्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यात लुगड्याला रंग लागला होता तेव्हाचा माणूस ती शोधत होती. "तुम्हीच विचारलं होतंत, किती गेली म्हणून. तेव्हा वाटलं, ह्याला कळलं... लग्नाला मी उभी राहीन, मास्तर. पण तांदळाच्या ताटापुढं काय होईल, ते मी आज कबूल करत नाही."

त्या रविवारी जिन्यात म्युनिसिपालिटी भरली नाही.

लग्न माढ्यात लागलं. उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, देवापुढं तांदळाचं ताट आलं. धोंडीरामनं अंगठी हातात घेतली. वऱ्हाडी बायका माना उंचावून बघत होत्या.

"लिव की, रुक्मिणी," तानाबाई म्हणाली.

केरानं मान वर केली. नव्या नवरीनं असं करायचं नसतं. "आत्याबाई, एक विचारू? ह्यांचं नाव धोंडीराम का ठेवलंत?"

तानाबाईचा हात हवेतच राहिला.

"ह्यांच्या आधीची दोघं..." केराचा आवाज आता हळू झाला. "दगड म्हटलं की कुणी उचलून नेणार नाही, म्हणूनच ना? माझ्या आईनं तीन पुरली. चौथीला उकिरड्यावर लोळवलं, पसाभर ज्वारीला विकत घेतलं. तुम्ही सांगा, आत्याबाई. ते नाव पुसू?"

तानाबाईनं पदर तोंडाला लावला. केरानं धोंडीरामच्या हातातली अंगठी आपल्या हातात घेतली आणि तांदळात रेघ ओढली : *के*. मग हात थांबला. पुढचं अक्षर तिनं मुद्दाम सोडलं. ती त्याच्याकडं बघत राहिली... एक श्वास, दोन श्वास...

त्यानं अंगठी घेतली. *रा* लिहिलं. इतकं खोल, की ताटाचं पितळ दिसलं.

"मास्तर म्हणं," तानाबाई नाक ओढत म्हणाली. "अक्षर बघा की कसलं वाकडं! सरक. आन् पोरी, साखर घे तोंडात. थोरल्याचं नाव आमी... लई देखणं ठिवलं होतं गं." आणि ती भरल्या घरात, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा त्या थोरल्यासाठी रडली.

आठव्या दिवशी सोलापुरात साहेबानं चष्म्यावरून विचारलं, "केराबाई ज्ञानबा कोण?"

"मी," केरा म्हणाली. गळ्यात नवं काळं डोरलं, खांद्यावर तोच लाल डागाचा पदर. मुद्दाम नेसली होती.

नोंदणी झाली. पाटी लागली. दीड वर्षानं त्या माडीवर केराच्या मांडीवर तान्ही लेक होती, आणि केरा शिकवता शिकवता दर थोड्या वेळानं तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. एका रविवारी जिना चढून कोण आलं असेल? रंभाकाकू. धापा टाकत, पाटी पदराआड लपवून.

"मला बी एक नाव लिवाय शिकीव," ती म्हणाली.

केरानं पाटीवर 'रंभा' काढलं.

"हे न्हवं गं." काकूनं हातानंच ते पुसलं. "माजं. म्हायेरचं. बजा. चाळीस वर्सं झाली, कुनी हाक मारली न्हाय. आय गेली, भाऊ गेला... आता ते नाव मला एकलीलाच ठावं."

केरानं तिचा हात हातात धरला आणि दोघींनी मिळून लिहिलं. बजा. काकू पाटीकडं बघत राहिली, आणि मग अगदी हळूच म्हणाली, "गेला न्हाय की गं रंग."

तुमच्याही घरात अशी कुणी असेल. आई असेल, सासू असेल, माजघरात एकटी डाळ निवडत बसलेली एखादी चुलती असेल. हे पान मिटा आणि तिच्यापाशी जा. तिचं पहिलं नाव विचारून घ्या, त्या नावानं एकदा हाक मारा, आणि ती कशी वळून बघते... तेवढं बघून या.