पाठीला पाठ

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. सोनपेठच्या बाजारात मी घोंगड्या घेऊन बसलो होतो. भादव्याची सर आली आणि एक पोरगी माझ्या पालाखाली शिरली. उभ्या उभ्या तिनं घोंगडीवरून हात फिरवला.

“लय टोचती की ही.”

“घोंगडी टोचती. इकणारा न्हाई टोचत.”

“इकणाऱ्याचं कुणी इचारलंय?” म्हणाली, आणि हसू लपवायला पावसाकडं बघत राहिली... पाऊस थांबला तरी ती थांबली.

ती दैवशाला. पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

आमच्यात बाई पुरुषाच्या मागून जेवते. मी जेवायचो, पाणी प्यायचो, मेंढरं घेऊन निघायचो. ती काय जेवली, ते कधी पाहिलं नाही. दिवाळीपर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विचारलं तर म्हणायची, “सोमवार हाय.” मग गुरुवार, मग शनिवार. टोपल्यातल्या भाकरी मात्र रोज संपत होत्या.

एकदा शेजारची गोजरबाई म्हणाली, “मुंजाजी, तुझी बायको दुपारी पदराखाली भाकरी घेऊन कुठं जाती रे?”

माझं डोकं फिरलं. माझी भाकरी कोण खातंय? मी तिच्या पायाला लागलेली माती बघायला लागलो. ती हसली तरी वाटायचं — कुणासाठी हसली?

एका दुपारी मेंढरं भावाकडं सोपवून मी लपून परत आलो. ती निघाली. मी काठी घेऊन मागं. ती मेंढवाड्यात शिरली.

“कुठं हाय तो?” मी ओरडलो.

आत कुणी नव्हतं. रानात न जाणारी एक लंगडी मेंढी होती. तिच्यापुढं बसून दैवशाला भाकरी चुरत होती. तिनं माझ्या काठीकडं पाहिलं.

“असं वाटलं व्हय तुमाला...”

मी काठी टाकली. मला माझीच लाज वाटली.

“मग तू काय खातीस?”

ती भाकरी चुरतच राहिली.

“भांडायला न्हाई इचारत, दैवशाला. मला भ्या वाटायलंय.”

“आखाडात माहेरी गेले, तवा माय आजारी व्हती,” ती हळू म्हणाली. “मी चुलीपाशी जेवत व्हते — तवाच ती गेली. मला कळलंबी न्हाई. तवापासून घास उचलला की जीव घाबरतो.”

मला मेंढरं कळतात. बुजलेल्या मेंढराकडं बघत बसलं की ते खात नाही. त्याच्याकडं पाठ करून बसायचं, पण उठून जायचं नाही. मी पाठ करून तिथंच बसलो.

“काय करायलाव?”

“बसायलोय. अर्धी दे मला. अर्धी तुझी. खा, न्हाईतर नको खाऊ. मी बघत न्हाई.”

“नवऱ्यासंगं जेवू? लोकं हसतील.”

“मेंढीनं सांगितलं तर.”

ती हसली. मग तिची पाठ माझ्या पाठीला टेकली. मग चावल्याचा आवाज आला. एकच घास.

पुढं कधी चार घास, कधी परत एकही नाही. आठ वर्षं आम्ही असेच जेवलो. गाव हसलं. हसू दिलं.

गेल्या पावसाळ्यात ती तापानं गेली. शेवटच्या दिवशी माझं ताट तसंच पडलेलं तिनं पाहिलं. कशीबशी कूस बदलून माझ्याकडं पाठ केली.

“तुमी जेवा,” म्हणाली. “मी बघत न्हाई.”

आता घास उचलला की माझाही जीव घाबरतो. तेव्हा भिंतीला पाठ टेकवतो, आणि जेवतो.